कुटुंबाची होडी, क्लबाची होडी आणि धामापूरचे पाणी

कोकणातील पाणी आणि कोकणातील कुटुंब या दोहोंचा स्वतंत्र अभ्यास बराच झालेला असला, तरी ही दोन्ही एकाच होडीच्या निमित्ताने एकत्र आली असता काय घडते, याकडे अभ्यासकांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. मालवण तालुक्यातील धामापूर हे गाव या दृष्टीने विचारार्थ घेण्याजोगे आहे. तेथील तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी इ. स. १५३० मध्ये डोंगरांच्या मधल्या जागेत मातीचा बांध घालून तयार केला असे मानले जाते. काठावर देवी भगवतीचे मंदिर आहे, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन रचनेचा दर्जा दिलेला आहे. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भातशेती होती, शर्यत नव्हती. त्यामुळे चहूबाजूंनी झाडी आणि डोंगर असलेल्या या पाण्यावर वारा कोठून यावा याची कोणतीही तरतूद त्यांनी केली नाही, आणि पाच शतकांनंतर याबद्दल त्यांना दोष देणे बरे दिसणार नाही, जरी पहिल्याच शर्यतीत हरणारा मनुष्य तो देईलच.

अशा गावातील एखाद्या कुटुंबाने शिडाची छोटी शर्यतीची होडी घ्यावयाचे ठरविले, आणि ती घरच्या मंडळींना फिरविण्याच्या व पुढेमागे निघणाऱ्या क्लबाच्या शर्यतींतही उतरविण्याच्या कामी यावी अशी अपेक्षा धरली, तर पहिली अडचण होडीची नसून अपेक्षेची असते. कुटुंबाला हवी असलेली होडी रुंद, जड, सहसा न उलटणारी, आणि डब्यातील घावणे कोरडी ठेवणारी असते. क्लबाला हवी असलेली होडी अरुंद, हलकी, क्षणाक्षणाला उलटण्याच्या बेतात असलेली, आणि घावणे मुळातच घेऊन येऊ नयेत असे सुचविणारी असते. या दोहोंचा मध्य काढणारी होडी बाजारात मिळते, परंतु तिच्याबद्दल कुटुंब आणि क्लब या दोघांचीही तक्रार असते, एवढाच त्या मध्याचा अर्थ होय.

घरातील आजीचा आक्षेप याहून मूलगामी असतो. शिडाच्या होड्यांची शर्यत म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणांना ठरलेल्या क्रमाने वळसा घालून, पुष्कळदा जेथून निघाले तेथेच परत येणे, अशी व्याख्या तिला समजावून सांगितली असता ती प्रथम "होडयेत बसान जातलास खंय?" असे विचारते, कोठेच नाही, फिरून येथेच यावयाचे आहे, हे कळल्यावर ती "मगे जातास कित्याक?" एवढेच म्हणते, आणि जगातील कोणत्याही नौकानयन संस्थेने या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिल्याचे आढळत नाही. तिच्या बाजूने इतिहासही उभा आहे. ज्या किनाऱ्यासमोर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला, ज्या किनाऱ्यावर रापणीची जाळी आजही वाळूवर ओढली जातात, आणि जेथे होडी समुद्रात डगमगू नये म्हणून तिच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी लाकडी उलांडी बांधण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तेथे होडी म्हणजे जिच्यातून काहीतरी घरी येते ती वस्तू. जी होडी रिकामी जाते, रिकामी येते, आणि येताना वर चढविलेल्यांना ओलेचिंब करून आणते, तिला होडी म्हणावे की नवस, असा संभ्रम या परंपरेत स्वाभाविक आहे.

पाण्याची निवड होडीच्या निवडीपूर्वी करावी लागते, कारण धामापूरकरांना तीन प्रकारचे पाणी उपलब्ध आहे आणि तिन्ही ठिकाणी वाऱ्याचे वर्तन वेगळे आहे. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येणारा खारा वारा, हे शालेय भूगोलात सर्वांनी पाठ केलेले असते, आणि तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर ते बहुतांशी पुस्तकाप्रमाणे वागतातही. कर्लीच्या खाडीत वाऱ्याखेरीज भरती-ओहोटीचा हिशेब करावा लागतो. ओहोटीच्या वेळी हलक्या वाऱ्यात निघालेली होडी शर्यतीत कितीही मागे असली, तरी समुद्राच्या दिशेने ती सर्वांच्या पुढे राहते. तलावावर मात्र वारा डोंगराच्या खांद्यावरून उतरतो, झाडांत अडकतो, एका कोपऱ्यात झोत देऊन दुसऱ्या कोपऱ्यात मरतो, आणि त्यामुळे दहा हातांवरची होडी सपाट्याने जात असताना आपली होडी चित्रासारखी उभी राहण्याचा अनुभव येतो. या अनुभवाने मनुष्य अंतर्मुख होतो असे काही लेखक सांगतात. प्रत्यक्षात तो शेजारच्या होडीतील माणसाकडे पाहत असतो. तरीही नवशिक्यांसाठी तलावच योग्य, कारण तेथे लाट नाही, प्रवाह नाही, आणि उलटलेली होडी शेवटी कोणत्या तरी काठाला लागतेच. शिवाय शिडाच्या होडीला इंजिन नसल्याने पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही, ही शेतीच्या पाण्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पाण्यावर उतरण्यासाठी ज्यांची परवानगी लागते त्यांना हा मुद्दा सर्वांत आधी सांगावा.

होड्यांपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत निरुपद्रवी म्हणजे ऑप्टिमिस्ट. ही होडी १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखली; तिची लांबी २.३६ मीटर, सांगाड्याचे वजन ३५ किलो, नाक चौकोनी, आणि अधिकृत स्पर्धांत वयाची मर्यादा १५ वर्षे. ती कमी खर्चात आणि प्लायवुडच्या मोजक्या फळ्यांतून तयार व्हावी हा मूळ उद्देश होता. तिच्यात एकच मूल बसते, हा तिचा सर्वांत मोठा गुण पालकांना दोष वाटतो, कारण त्यामुळे सूचना देण्यासाठी पालकाला होडीत जागा उरत नाही आणि त्या काठावरून ओरडून द्याव्या लागतात. काठावरच्या आवाजाचा होडीच्या वेगावर काहीही परिणाम होत नाही, हे अनेक देशांत अनेक वर्षे दिसून आलेले असतानाही ही प्रथा टिकून आहे.

मुलाचे वय वाढले की लेझर या होडीचा विचार होतो. कॅनडाचे आरेखक ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये, मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी हवी, या मागणीवरून तिचा आराखडा काढला; आता ती अधिकृतपणे इल्का या नावाने ओळखली जाते आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. लांबी सुमारे ४.२ मीटर, सांगाड्याचे वजन ५९ किलो. हिची खुबी अशी की एकाच सांगाड्यावर तीन आकारांची शिडे चढविता येतात, आणि त्यासाठी फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा बदलावा लागतो. म्हणजे किशोरवयीन पुतणी, सडपातळ काकू आणि उकड्या भातावर वाढलेले काका या तिघांनाही एकच होडी पुरते, फक्त एकाच वेळी पुरत नाही. भारतीयांना ही होडी परकी नाही: २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत विष्णू सरवणन यांनी मोठ्या शिडाच्या इल्का ७ या प्रकारात कांस्य, तर नेहा ठाकूर यांनी लहान शिडाच्या इल्का ४ या प्रकारात रौप्यपदक मिळविले. धामापुरात तिच्या उपयुक्ततेचे आणखी एक कारण संभवते. तिची डोलकाठी दोन तुकडे जोडून सुमारे सहा मीटर होते, आणि टोकाला झेला बांधला असता ही उंची हापूसच्या मध्यम वयाच्या कलमाला अगदी नेमकी बसते. ऑप्टिमिस्टची डोलकाठी या कामी अपुरी पडते, याची नोंद आरेखकांच्या कोणत्याही तुलनेत केलेली दिसत नाही. चैत्र-वैशाखात शर्यती का होऊ शकल्या नाहीत, याचे उत्तर पुढील काळात क्लबाच्या इतिवृत्तांतून शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एकट्याने चालविण्याच्या होडीला कुटुंबाची होडी म्हणता येईल काय, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः एक जण पाण्यात, आणि उरलेले सगळे काठावर सावलीत बसून, खाऊन-पिऊन, पाण्यातल्याचे चुकते कोठे यावर एकमत करीत आहेत, ही व्यवस्था कौटुंबिक ऐक्यास जितकी पोषक आहे, तितकी दोघांना एका होडीत बसविणारी कोणतीही व्यवस्था नाही. याचा पुरावा म्हणून एंटरप्राइज या होडीकडे पाहावे. इंग्लंडचे जॅक होल्ट यांनी १९५६ च्या सुमारास आखलेली, ४.०४ मीटर लांबीची, सुमारे ९० किलो सांगाड्याची आणि निळ्या शिडांची ही दोघांची होडी भारतातील क्लबांत, विशेषतः सेनादलांशी संबंधित क्लबांत, दीर्घकाळ प्रचारात आहे. तिच्यात मागे बसणारा सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर धरतो. पुढे बसणारा पुढच्या लहान शिडाचा दोर सांभाळतो, मधली फळी, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातील फटीतून पाण्यात सोडलेले पाते, वरखाली करतो, होडी कलली की काठावर बसून बाहेर झुकतो, आणि याखेरीज जे जे चुकले त्याची जबाबदारी घेतो. हे शेवटचे काम कोणत्याही वर्गाच्या नियमावलीत लिहिलेले नाही, तरी ते सर्वत्र पाळले जाते. पती-पत्नी एंटरप्राइजमध्ये बसली, तर सुकाणू कोणाकडे असावे हा प्रश्न पहिल्या वळणापर्यंतच सैद्धान्तिक राहतो. वळताना मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरतो, आणि त्याच्या वाटेत कोणाचे डोके होते आणि इशारा दिला होता की नव्हता, यावरची चर्चा घरी गेल्यावर, माशाचे कालवण खाली बसेपर्यंत चालू राहते.

इंग्लंडमध्ये होडी घरोघरी पोहोचविण्याचे काम वर्तमानपत्रांनी केले, ही गोष्ट मराठी वाचकांस नवलाची वाटेल. एंटरप्राइजला न्यूज क्रॉनिकल या दैनिकाचे पाठबळ होते. पुढे १९६२-६३ मध्ये डेली मिरर या दैनिकाने त्याच जॅक होल्ट यांना आणि दूरदर्शनवरून घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल यांना हाताशी धरून मिरर नावाची होडी काढली, तिची शिडे वर्तमानपत्राच्या रंगानुसार लाल ठेवली, आणि घरच्या घरी जोडण्याचा सगळा संच सुरुवातीला ६३ पौंड ११ शिलिंगांना विकला. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी वाचकांना कुपने चिकटवायला लावून ज्या वस्तू दिल्या त्यांत बादल्या पुष्कळ होत्या, होडी नव्हती. हा किनारपट्टीवर झालेला अन्याय आहे. मिररच्या बांधणीत प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांधे काचतंतूंच्या पट्टीने आणि राळेने बंद करतात, आणि हे तंत्र तेथे नवे ठरले असले, तरी या किनाऱ्याला शिवलेली होडी नवी नाही. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवण्याची जुनी विद्या वापरून गोव्यात बांधलेले कौंडिण्य हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेले आहे. मिरर ३.३ मीटरची, वजनाने सुमारे ४५ किलोंची आणि स्वभावाने सौम्य असून तिच्यात दोन मोठी माणसे किंवा एक मोठे व दोन लहान बसू शकतात. तिच्या विरुद्ध एकच महत्त्वाचा मुद्दा आहे: प्लायवुडला इंग्लंडमधील पाऊस सोसतो म्हणून सिंधुदुर्गातला, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा, सोसेल असे समजू नये. पावसाळ्यात ती मांगरात उपडी घालून ठेवावी, आणि खाली विटा लावाव्या. नाहीतर श्रावणापर्यंत तिच्यावर अळंबी उगवतात, व त्या खाण्याच्या आहेत की नाहीत यावरून नवाच वाद सुरू होतो.

वेफेअरर या ४.८२ मीटरच्या, १६९ किलोंच्या प्रशस्त होडीचे नाव येथे घेतले पाहिजे, कारण कुटुंबाचा पहिला कल नेहमी तिच्याकडे असतो. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली ही होडी घेऊन फ्रँक डाय हे १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेले, हे ऐकल्यावर सहा माणसांचे कुटुंब धामापूरच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर निर्धास्त जाण्यास तयार होते. परंतु ती पाण्यात लोटण्यासाठी आणि बाहेर ओढण्यासाठी किमान सहा धट्टीकट्टी माणसे लागतात, आणि अशी माणसे गावात गणेशचतुर्थीला आणि मे महिन्यात मुंबईहून येतात. चतुर्थीत त्यांचे खांदे देवाच्या कामी गुंतलेले असतात, आणि मे महिन्यात ती फणसाखाली निजलेली असतात. दोन सांगाड्यांची आणि वाऱ्यावर विलक्षण वेगाने धावणारी होबी १६ ही होडी समुद्रकिनाऱ्यासाठी उत्तम असली, तरी तलावावर ती वेग धरीपर्यंत दुसरा काठ येतो, म्हणून तिचा विचार येथेच सोडावा.

आता शर्यतीच्या तत्त्वाकडे वळले पाहिजे, कारण बहुतेक चुकीच्या निवडी तेथेच होतात. शर्यती दोन प्रकारे घेता येतात. पहिल्या प्रकारात सर्व होड्या एकाच आराखड्याच्या, एकाच वजनाच्या आणि एकाच मापाच्या शिडाच्या असतात, व जो आधी पोहोचतो तो जिंकतो. ही पद्धत न्याय्य असल्यामुळेच मालवणी माणसाला ती गैरसोयीची वाटते, कारण हरल्यावर होडीला दोष देता येत नाही. दुसऱ्या प्रकारात निरनिराळ्या होड्या एकत्र सोडून वेळेचा हिशेब करतात. ब्रिटनमध्ये यासाठी पोर्ट्समथ यार्डस्टिक ही पद्धत आहे: प्रत्येक जातीच्या होडीला तिच्या वेगानुसार एक अंक दिलेला असतो, मंद होडीचा अंक मोठा, आणि लागलेल्या वेळेला १,००० ने गुणून त्या अंकाने भागले की सुधारित वेळ मिळते. सोयीसाठी गोल आकडे घेतले, तर लेझरचा अंक ११००, आणि ऑप्टिमिस्टचा १६०० धरता येईल. काका लेझरमधून ५५ मिनिटांत आले, आणि दहा वर्षांचा पुतण्या ऑप्टिमिस्टमधून ८० मिनिटांत आला, तर दोघांचीही सुधारित वेळ ५० मिनिटे येते व सामना बरोबरीत सुटतो. काका तोवर कोरडे कपडे घालून, चहा पिऊन, विजयाचे छोटेसे भाषण करून मोकळे झालेले असतात. अशा वेळी गुणाकार-भागाकार करणाऱ्या व्यक्तीचे नाव जाहीर करू नये.

नियमांच्या बाबतीत मात्र धामापूर व त्याचा परिसर जगाच्या पुढे जाण्याची शक्यता आहे. होड्यांच्या शर्यतीत सुरुवातीच्या पाच मिनिटे आधीपासून झेंडे व आवाजी संकेत दिले जातात, आणि शेवटच्या संकेताच्या क्षणी रेषेपलीकडे असलेल्या होडीला मागे येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. गावातील सभांच्या वेळांचा अनुभव पाहता रेषेच्या आधी पलीकडे जाण्याचा धोका येथे कमी आहे. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने वाट द्यावी, हा मूलभूत नियम. तो मोडणाऱ्याने कोणी न सांगता स्वतःहून स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन प्रायश्चित्त करावे, अशी अपेक्षा असते. ज्या मुलखात बांधावरचा एक दगड हातभर सरकल्याचा दावा तीन पिढ्या चालतो, तेथे ही अपेक्षा कितपत पूर्ण होईल हे सांगणे कठीण आहे. परंतु गिरक्या न घेतल्यास पुढे जी तरतूद आहे, ती पाहून येथील जाणकारांचे डोळे चमकतील: ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तेथल्या तेथे मोठ्याने हरकत पुकारावी, काठावर आल्यावर ती लेखी द्यावी, मग समितीसमोर दोन्ही पक्षांनी बाजू मांडावी, साक्षीदार आणावेत, उलटतपासणी करावी. चांगल्या वाऱ्याच्या अर्ध्या तासाच्या शर्यतीतून चार तासांची सुनावणी निघू शकते, आणि वारा अजिबात नसला तरी सुनावणीला त्याची अडचण होत नाही.

मालकीचा प्रश्न याच स्वभावाशी निगडित आहे. होडी सामाईक पैशातून घेतली, तर तिच्यावर आजोबांच्या सर्व वारसांचा हक्क पोहोचतो, आणि शिडाला ठिगळ लावण्यासाठीही डोंबिवली, परळ आणि बडोदे येथील हिस्सेदारांची संमती घेण्याचा प्रसंग येतो. त्यातील एक जण फोन उचलत नाही आणि दुसरा आपल्या हिश्श्याचे सुकाणू वेगळे मागतो. म्हणून होडी एकाच्या नावे असावी व भांडण सर्वांचे असावे, हे उत्तम. नावाच्या बाबतीत वाद टाळण्यासाठी ग्रामदेवतेचे नाव देण्याची रूढी आहेच. पाण्यात सोडण्यापूर्वी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालताना वाऱ्याबरोबरच हरकत-समितीचाही उल्लेख करावा, आणि जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणताना प्रतिस्पर्ध्यानेही म्हटले की नाही, याकडे लक्ष द्यावे.

एवढ्या विवेचनानंतर धामापुरासाठी कोणती होडी घ्यावी, हे सांगण्याची जबाबदारी टाळता येणार नाही. जेथे क्लब आधीपासून असतो, तेथे उत्तर एका वाक्यात संपते: क्लबात ज्या जातीच्या होड्या आहेत त्याच जातीची घ्यावी, मग ती कशीही असो, कारण जगातील सर्वोत्तम होडी एकटीच असेल, तर तिला शर्यत कोणाशी लावणार? जेथे क्लब नाही, तेथे पहिला घेणारा पुढच्या दोन पिढ्यांची निवड करून बसतो. म्हणून त्याने मुलांसाठी एक ऑप्टिमिस्ट आणि मोठ्यांसाठी एक जुनी, वापरलेली, फायबरची एंटरप्राइज घ्यावी, कारण ती दोघांनी पाण्यापर्यंत नेता येते, भारतात तिचे जाणकार सापडतात, आणि तिच्यात होणारी भांडणे दोघांपुरतीच राहतात. खरा प्रश्न दुसऱ्या एंटरप्राइजचा आहे, कारण ती शेजाऱ्याने घ्यावयाची असते. त्याला होडीचे गुण सांगत बसणे व्यर्थ आहे. गुण ऐकून तो वेगळ्या जातीची, सहा इंचांनी लांब होडी आणील आणि मग आयुष्यभर गुणाकार-भागाकार करावे लागतील. त्याऐवजी त्याला आपली होडी दाखवून, "तुका ही झेपाची नाय" एवढेच सांगून परत फिरावे. पंधरवड्याच्या आत तशीच निळ्या शिडांची होडी त्याच्या खळ्यात येऊन पडेल. तिसरी आली की क्लबाची पहिली सभा बोलवावी, आणि तिसऱ्या होडीचा मालक स्वतंत्र क्लब काढण्यापूर्वी दुसरी उरकून घ्यावी.